युद्ध उशिरा यायचं

नागपूर देशाच्या मधोमध. सरहद्द इथून लांब, समुद्रही लांब. त्यामुळे आमच्या पिढीला युद्ध कधी दिसलं नाही, ते वाचायला मिळालं. आणि वाचायला मिळालं तेही उशिरा. १५ डिसेंबर १९७१ ला नागपुरातून ‘लोकमत’ दैनिक म्हणून निघू लागला आणि दुसऱ्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शस्त्रं खाली ठेवली. ज्या घरात रेडिओ नव्हता, तिथे ही बातमी पोचली ती सतरा तारखेच्या सकाळी, पेपरवाल्याच्या सायकलवरून. मग काही महिन्यांनी एखाद्या दिवाळी अंकात लेख यायचा. पुस्तक यायला तर वर्षं लागायची.

आणि आलेलं पुस्तक आमच्या नंदनवन वस्तीत पोचायला आणखी उशीर. जगनाडे चौकाच्या पुढे तेव्हा लेआउटमधले कितीतरी प्लॉट रिकामे होते, सडका कच्च्या होत्या. अशाच एका सडकेवरच्या घराच्या पुढच्या खोलीत एक खासगी लायब्ररी चालायची. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ राजहंसने १९८८ मध्ये काढली, तेव्हा या लायब्ररीत तिची एकच प्रत आली. वहीत नाव लिहून नंबर लावायचा आणि नंबर आला की पुस्तक आठ दिवसांसाठी घरी न्यायचं. आणल्या आणल्या त्याला खाकी कव्हर चढायचं. आठ दिवसांत घरातल्या सगळ्यांचं वाचून व्हायला हवं, म्हणून जेवणं आटोपली की एकानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. एकाचा घसा बसला की पुस्तक दुसऱ्याच्या हाती जायचं. शेवट काय होणार हे आजीपासून शेंडेफळापर्यंत सगळ्यांना ठाऊक असायचं. तरी १४ जानेवारी १७६१ जवळ येऊ लागली की वाचणारा आपोआप हळू व्हायचा. विश्वासराव पडले ते पान संपलं की आई दुधाला विरजण लावायला उठायची आणि तिला परत यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागायचा.

आता तीच कादंबरी मागवली की दोन-तीन दिवसांत दारात येते. पानिपतावर २०१९ मध्ये हिंदी सिनेमाही येऊन गेला. लायब्ररीच्या खोलीत आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. यात वाईट काही नाही. लायब्ररीची अनामत आणि महिन्याची वर्गणी ज्यांना परवडायची त्यांनाच आमचं ‘पानिपत’ वाचायला मिळालं. नंदनवनच्याच झोपडपट्टीतली मुलं त्या खोलीची पायरी चढताना आम्ही पाहिली नाहीत. आज त्यांच्या मुलांच्या फोनवर आमच्या सगळ्या कपाटांपेक्षा जास्त इतिहास आहे. मात्र चौघांनी मिळून ऐकलेला पराभव वेगळा असतो. एकट्याला पान उलटून पुढे जाता येतं. चौघांत बसल्यावर तसं पळता येत नाही, शेवटच्या मृतापर्यंत बसूनच राहावं लागतं.

लायब्ररीच्या त्या कपाटात होतं तरी काय? वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ होतं, वि. स. वाळिंब्यांचं ‘वॉर्सा ते हिरोशिमा’ होतं. जाडजूड, मेहनतीने लिहिलेली पुस्तकं. आम्ही मुलं ती झपाटल्यासारखी वाचायचो आणि कट्ट्यावर रणगाडे, सेनापती आणि चुकलेले डावपेच यांवर वाद घालायचो. मेलेल्यांचा आकडा पाठ असायचा, त्यातलं एकही नाव माहीत नसायचं. विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ मात्र धूळ खात पडलेलं असायचं. १९३९ ची ती कादंबरी, ज्या वर्षी महायुद्ध पेटलं त्याच वर्षीची. युरोपातून पूर्वेकडे निघालेली एक बोट, हिटलरच्या जर्मनीतून हाकललेले ज्यू, त्यांतली हॅर्टा आणि परत निघालेला चक्रधर. एकही तोफ उडत नाही आणि तरी युद्धाने माणसाच्या आतलं किती मोडतं ते पानोपानी दिसतं. मुलं ती अर्ध्यातून परत करायची, मुली पुन्हा पुन्हा न्यायच्या. युद्ध कशाला म्हणायचं हे घरातल्या मुलींना आमच्या आधी कळलं होतं. त्यांना कुणी विचारलं नाही एवढंच.

सगळ्यात मोठी पोकळी आमच्याच गावाबद्दलची. ज्या महाल भागात आम्ही गणपती बघायला जायचो, तिथल्या रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ ते १७५१ या काळात वारंवार बंगालवर चालून गेल्या. आम्ही शिकलो ते एवढंच, की चौथाई मिळाली, ओडिशा ताब्यात आलं. बंगालमध्ये आपल्या नावाने पोरांना भीती घालून निजवत, तशी अंगाई पिढ्यान्‌पिढ्या गात, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. गंगाराम नावाच्या कवीने त्याच वेळी ‘महाराष्ट्र पुराण’ रचलं. त्याच्या पोथीवर १७५१ चा काळ आहे. पळणाऱ्या गावकऱ्यांची रांग त्याने डोळ्यांपुढे उभी केली आहे: पोथ्यांची ओझी घेतलेले ब्राह्मण, तराजू घेतलेले सोनार, जाळी घेतलेले कोळी. मागाहून घोडेस्वार येतात आणि ते घोडेस्वार आपले आहेत. आज नंदनवनातली एखादी कॉलेजकन्या हे दहा मिनिटांत शोधून काढते आणि जेवताना बापाला विचारते, बाबा, तुम्हाला हे माहीत होतं? आम्हाला ते ठाऊक असायला हवं होतं. शत्रूच्या घरातलं रडणं ऐकू येईल असं एकही पुस्तक त्या कपाटात नव्हतं.

तसंच कोरेगावचं. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली आणि हरली. त्या टेकडीवरचा किल्ला आता लष्कराकडे आहे. २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला उघडायचा, तेव्हा आम्ही रांग लावून जायचो. सीताबर्डीनंतर पाच आठवड्यांनी, १ जानेवारी १८१८ ला, भीमा कोरेगावची लढाई झाली. तिथल्या स्तंभावर कोरलेल्या नावांत ‘नाक’ अशी अखेर असलेली महार सैनिकांची नावं आहेत. नागपूरच्या कितीतरी वस्त्यांत तो इतिहास भाषणांतून आणि गाण्यांतून जिवंत होता. आमच्या कपाटात त्याला जागा नव्हती. एकच लढाई एका घरात शोक आणि दुसऱ्या घरात मान असू शकते, हे आजची मुलं लहानपणीच ऐकतात, आणि ते बरंच आहे.

उशीर लिहिणाऱ्यांनाही होत असे. विष्णुभट गोडसे १८५८ मध्ये झाशीच्या वेढ्यात सापडले. जाळपोळ, तहान आणि लुटलेलं ग्रंथालय त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि ‘माझा प्रवास’ लिहायला घेतला तो सुमारे पंचवीस वर्षांनी. चिं. वि. वैद्यांनी तो १९०७ मध्ये फेरफार करून छापला, आणि मुळाबरहुकूम प्रत दत्तो वामन पोतदारांनी काढली ती १९६६ मध्ये. इतिहासकार शेजवलकरांचं मराठी ‘पानिपत : १७६१’ लढाईला दोनशे वर्षं झाली तेव्हा आलं. १९६२ च्या चीन युद्धातल्या पराभवावरचं मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचं ‘न सांगण्याजोगी गोष्ट’ अर्ध्या शतकानंतरचं. या थांबण्यात काही निवळायचं, काही पिकायचं. आणि त्याच थांबण्यात पुष्कळ दडपलंही जायचं, हे विसरून चालणार नाही. बासष्टच्या चौकशीचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने अजून खुला केलेला नाही. ज्यांची मुलं त्या युद्धातून परत आली नाहीत, ते आईबाप खरं काय घडलं ते न कळताच गेले. त्यांच्यापुढे उशिराचं कौतुक कोण करील?

आता उशीर उरलेला नाही. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’ चालू असताना आम्ही ते वाचलं नाही, पाहिलं. रात्रभर वाहिन्या ओरडत होत्या, कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं दाखवत होत्या. ते खोटं होतं. सकाळी तीच वाहिनी दुसरं काही दाखवत होती आणि रात्रीचं कुणी विचारतही नव्हतं. ‘नागास्त्र’ नावाचं ड्रोन आमच्या नागपुरातच तयार होतं. त्याचे व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर फिरतात आणि खाली अंगठे उमटतात. बखरकारही फुगवून लिहीत. पण पानिपतची बखर फुगलेली असली तरी ती पराभवाची होती, आणि तिच्यात माणसं मरत.

नव्यातलं जे खरोखर मोठं आहे, ते बायकांच्या लेखणीतून आणि तोंडून आलं आहे. बेलारूसच्या स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी महायुद्धात लढलेल्या शेकडो बायकांना बोलतं केलं आणि २०१५ चं नोबेल मिळवलं. आपल्याकडे काश्मीरमध्ये मुलगा गमावलेल्या अनुराधा गोरे सैनिकांबद्दल लिहीत राहिल्या. आमच्या कपाटाला अशी पुस्तकं हवी होती.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा मुलगा फौजेत होता. महिन्याकाठी त्याचं आंतरदेशीय यायचं, पत्त्यात ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं टपालघर. काकूंना वाचता येत नसे. त्या ते पदरात धरून आमच्याकडे यायच्या आणि वडील त्यांना वाचून दाखवायचे, दोनदा. ते पत्र एवढंच सांगायचं, की लिहिलं त्या दिवशी तो सुखरूप होता. आज त्यांचा नातू लेहमधून रोज व्हिडिओ कॉल करतो आणि त्याच्या आईला त्याचा चेहरा दिसतो. कुठल्या आईने त्याऐवजी महिन्याचं पत्र मागावं? पण काकूंच्या ट्रंकेत त्या पत्रांचा गठ्ठा अजून आहे, आणि कॉलचं काही मागे राहत नाही. पंचवीस वर्षांनी एखाद्या गोडसेभटजीला किंवा अलेक्सिएविचला लेहच्या त्या पोराचे दिवस लिहायचे झाले, तर हाती काय लागणार? म्हणून आम्ही त्याच्या आईला म्हटलं, त्याला महिन्यातून एकदा तरी कागदावर लिहायला सांग. तिने सांगितलं. तो म्हणाला, आई, रोज तर बोलतो आपण, लिहू काय?