यवतची भाकरी, रोटीचा घाट

दोस्तांनो, एखाद्या दिवशी शाळेची रिक्षा आली नाही आणि दोन किलोमीटर चालत घरी यावं लागलं, तर आपण काय करतो? दर पाच मिनिटांनी विचारतो, "आई, अजून किती राहिलं गं?" मग मला सांगा, सत्तरी ओलांडलेल्या आजी डोक्यावर तुळशीचं वृंदावन घेऊन देहूहून पंढरपूरला कशा जात असतील? थोडंथोडकं नाही, सुमारे अडीचशे किलोमीटरचं अंतर आहे ते! वर पाऊस, खाली चिखल.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला पंढरपूरपर्यंत जायला हवं असं नाही. पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातून दोन दिवस पालखीबरोबर चाललं, तरी ते सापडतं.

आधी थोडी माहिती. संत तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूहून निघते. पुण्यापर्यंत आळंदीची ज्ञानोबांची पालखीही येते. हडपसरनंतर मात्र दोघींच्या वाटा वेगळ्या होतात. ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते, तर तुकोबांची पालखी सोलापूर रस्ता धरते. पहिला मुक्काम लोणी काळभोर, मग यवत, मग वरवंड. यवत आणि वरवंड ही दोन्ही गावं दौंड तालुक्यातली.

लोणी ते यवत ही मजल लांबलचक, सुमारे पंचवीस किलोमीटरची. वाटेत उरुळी कांचन लागतं. १९४६ साली गांधीजी इथे आले होते आणि त्यातूनच इथला निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. माती, पाणी, ऊन, साधा आहार आणि भरपूर चालणं, हीच गांधीजींची औषधं!

पालखीबरोबरचं चालणं बघितलंत तर वाटेल, ही नुसती गर्दी आहे. पण जरा थांबून नीट पाहा. हे सगळे लोक दिंड्यांमध्ये चालतात. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो. काही दिंड्या रथाच्या पुढे, काही मागे. दिंडीत सगळ्यांत पुढे भगव्या पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात मृदंग, मग वीणेकरी, आणि मागे तुळस नि पाण्याचे हंडे घेतलेल्या बायका. कुणी पळत नाही, कुणी रेंगाळत नाही. टाळ ज्या ठेक्यात वाजतो, त्या ठेक्यात पाऊल पडतं.

यात शरीराचंही एक गणित आहे बरं का! अभंग म्हणता म्हणता चालता येतंय, म्हणजे धाप लागलेली नाही. वेग बरोबर आहे. शिवाय प्रत्येक पावलाला पोटरीचे स्नायू आवळतात आणि पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात. म्हणून एका जागी तासभर उभं राहिलं की पाय भरून येतात, पण संथ लयीत तासभर चाललं तर तेवढे येत नाहीत.

उरुळी मागे पडल्यावर आमच्याबरोबरचा सातवीतला एक मुलगा कंटाळला. त्याने शेजारच्या आजींना विचारलं, "आजी, यवत दिसायला लागलं का हो?" आजी हसल्या. म्हणाल्या, "आरं माउली, वाटंकडं नगं बघूस. वाट बघून सरती व्हय? म्होरल्याच्या पाठीकडं बघ, म्हंजी पाय आपसूक चालत्यात." वारीत लहान-मोठे सगळेच एकमेकांना 'माउली' म्हणतात. आपल्याला कुणी आई म्हणून हाक मारली, हे ऐकून तो मुलगा आधी लाजला, आणि मग खरंच चालायला लागला!

संध्याकाळी यवत आलं. इथल्या काळभैरवनाथाच्या देवळात पालखी उतरते आणि गाव वारकऱ्यांना जेवू घालतं. बेत ठरलेला, पिठलं-भाकरी! पिठलं मोठमोठ्या कढयांत शिजतं आणि भाकरी येतात घराघरातून. कुणाच्या जाड, कुणाच्या पातळ, कुणाच्या कडेला थोड्या करपलेल्या. आपली भाकरी कुणाच्या पोटात गेली, हे थापणारीला कधीच कळत नाही.

थोर मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे ज्ञानोबांच्या पालखीबरोबर चालल्या होत्या. त्यावरचा 'वाटचाल' हा त्यांचा लेख १९४९ च्या 'परिपूर्ती' या पुस्तकात आहे. त्यांना चालण्याचा आनंद झाला, पण एक गोष्ट सलत राहिली. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा, दोन्ही गट होते. दिवसभर सगळे एका सुरात अभंग गात, पण जेवायला मात्र वेगवेगळे बसत. मग इरावतीबाई दुसऱ्या गटातल्या बायकांबरोबर जेवल्या आणि त्यांच्यातला दुरावा कमी झाला. म्हणून, मुलांनो, लक्षात ठेवा. बरोबर चालणं त्या मानाने सोपं असतं. एका पंगतीत बसणं अवघड असतं, आणि खरी सोबत तिथेच सुरू होते.

दूर जपानमध्येही अशी एक वाट आहे. शिकोकू बेटावरच्या ८८ देवळांची ती परिक्रमा सुमारे १२०० किलोमीटरची आहे. एकटा निघालेला यात्रेकरूही डोक्यावरच्या टोपीवर 'आम्ही दोघे बरोबर आहोत' अशा अर्थाची अक्षरं लिहितो. दुसरे म्हणजे त्यांचे संत कोबो दाइशी. वाटेतली गावं या यात्रेकरूंना खाऊ देतात, पाणी देतात. त्या रीतीला ते 'ओसेत्ताई' म्हणतात. आपल्याकडची 'ओसेत्ताई' म्हणजे यवतचं पिठलं!

दुसऱ्या दिवशी यवतहून निघालं की भांडगाव आणि मग केडगावचा चौफुला लागतो. शिरूरहून न्हावरे करत, भीमेचा पूल ओलांडून येणारा रस्ता इथेच मिळतो. भीमेपलीकडच्या शिरूर तालुक्यातल्या माणसांना पालखी गाठायची तर ही वाट सोयीची. नदीकाठाला आणि कालव्याखाली दोन्ही हातांना ऊसच ऊस.

वरवंडचा मुक्काम आटोपून पाटस आलं की पालखी सोलापूर रस्ता सोडून बारामतीकडे वळते आणि समोर उभा राहतो रोटीचा घाट. उंची फार नाही, पण रथ जड! मग नेहमीच्या बैलांच्या मदतीला आणखी बैलजोड्या जुंपतात. 'ज्ञानोबा-तुकाराम'चा गजर वाढतो, रथ हलतो आणि मागची माणसंही त्याच्या ओढीनं वर येतात. घाटमाथ्यावर पोचलं की देखावाच बदलतो. ऊस संपतो, गवताळ माळरान सुरू होतं. याच कोरड्या पट्ट्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. तिथे चिंकारा हरणं आहेत.

बघा, बैलसुद्धा घाट एकट्याच्या जिवावर चढत नाहीत! आजीही एकट्या अडीचशे किलोमीटर चालत नाहीत. त्यांना चालवतो पुढच्याचा टाळ, शेजारचीचा हंडा, यवतची भाकरी आणि 'माउली' ही हाक.

तर येत्या आषाढाच्या सुमाराला आई-बाबांना गळ घाला. सगळी वारी नको, एक टप्पा पुरे. यवत ते वरवंड हा टप्पा पहिल्यांदा चालणाऱ्यांसाठी चांगला. पायात जुनी, सवयीची चप्पल घाला, नवी चावते. पाण्याची बाटली घ्या, शेंगदाणे-गूळ घ्या, आणि कागद-पिशव्या रस्त्यावर टाकू नका. पालखी गाठता आली नाही, तर एखाद्या रविवारी चार मित्र आणि एखादी आजी-आजोबांची जोडी घेऊन गावाबाहेरच्या पायवाटेवर जा. नियम मात्र एकच ठेवा. सगळ्यांत हळू चालणाऱ्याला सगळ्यांत पुढे ठेवायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या मागून चालायचं. म्हणजे कुणीही मागे राहणार नाही!