वाक्याचं काम

तर्काच्या प्रश्नांतला मला सगळ्यात आवडणारा प्रकार असा: उताऱ्यातलं एक वाक्य उचलायचं आणि विचारायचं, युक्तिवादात याचं काम काय? अमेरिकेतल्या कायद्याच्या प्रवेशपरीक्षेत, एलसॅटमध्ये, तो नेहमी असतो. ऑगस्ट २०२४ पासून तिथला 'लॉजिक गेम्स' हा विभाग गेला आणि गुण धरले जाणारे तर्काचे विभाग एकाचे दोन झाले. माझ्याकडे याची तयारी करणाऱ्या मुलांकडून मी आधी मराठी उताऱ्यांवर सराव करून घेते.

हा उतारा घ्या. 'उड्डाणपूल झाला की कोंडी सुटेल, असं काही नागरिकांना वाटतं. पण पूल जिथे उतरणार तो चौक अरुंद आहे. त्यामुळे गाड्या पुलावरच खोळंबतील. तेव्हा आधी चौक रुंद करायला हवा.'

पहिलं वाक्य हा पूर्वपक्ष, खोडण्यासाठी मांडलेला. चौक अरुंद आहे, हा आधार. खरी परीक्षा तिसऱ्या वाक्यात. 'त्यामुळे' दिसलं की मुलं त्यालाच मुख्य निष्कर्ष ठरवून मोकळी होतात. मी दोन प्रश्न विचारायला लावते: हे कशावरून? आणि मग त्याचं काय? गाड्या खोळंबतील, कशावरून? चौक अरुंद म्हणून. मग त्याचं काय? आधी चौक रुंद करा. दोन्ही उत्तरं उताऱ्यातच मिळाली, म्हणजे हा मधला निष्कर्ष. शेवटच्या वाक्याला 'मग काय' विचारलं की उतारा गप्प. तो मुख्य निष्कर्ष, आणि उचलून सुरुवातीला ठेवला तरी मुख्यच राहतो.

न्यायशास्त्राने, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राने, हे किती बारकाईने पाहिलं आहे! त्यातल्या पंचावयवी, म्हणजे पाच भागांच्या अनुमानात 'पर्वतावर अग्नी आहे' ही प्रतिज्ञा. मग धूर हा हेतू म्हणजे कारण, स्वयंपाकघराचं उदाहरण, आणि ते या पर्वताला लावणं म्हणजे उपनय. आणि शेवटी तीच गोष्ट निगमन, म्हणजे निष्कर्ष म्हणून येते. मजकूर एकच, कामं दोन. एकटं वाक्य कितीही वेळा वाचलं तरी त्याचं काम सापडत नाही. ते आपल्याला पटतं का, हा विचार तर इथे आडवाच येतो; रोज कोंडीत अडकणाऱ्या मुलांना तो बाजूला ठेवणं फार जड जातं.

चुकीचे पर्याय बरेचदा अर्धे खरे असतात. चौकाच्या वाक्याबद्दल 'हा पुरावा आहे' इथपर्यंत बरोबर. पुढे 'कोंडी सुटेल या मताचा' असं जोडलेलं असतं आणि घाईत ते खपून जातं. म्हणून पर्याय वाचण्याआधी त्या वाक्याचं काम स्वतःच्या शब्दांत सांगा. सरावाला उद्याच्या वर्तमानपत्रातला अग्रलेख घ्या.