आम्ही ध्वनिवर्धक घेतो

‘आम्ही’ म्हणजे वस्तुतः आम्ही एकटेच. परंतु वार्षिक अंकात लिहिणाराने स्वतःस ‘आम्ही’ म्हणवून घ्यावे, अशी जुनी रीत आहे. आणि ज्याला घरी-दारी सर्वजण ‘अरे’ म्हणूनच हाक मारतात, त्याला वर्षातून एकदा हा मान मिळाला तर कोणाची हरकत नसावी.

तर आम्ही बेस गिटार वाजवतो. वाचकांपैकी पुष्कळांनी हे वाद्य पाहिले असेल, परंतु ते ऐकल्याचे थोड्यांस स्मरत असेल. वाद्यवृंदात गाणाऱ्याच्या मागे, लांब मानेची आणि बहुधा चारच तारांची गिटार घेऊन एक गृहस्थ उभा असतो. त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. मात्र त्याने हात थांबवला की भरल्या घरातून कोणी उठून गेल्यासारखे गाणे एकाएकी पोकळ वाटू लागते. साध्या गिटारीहून याचा स्वर एक सप्तक खाली. तबल्याच्या जोडीत डग्ग्याचे जे काम किंवा तंबोऱ्यात खर्जाच्या तारेचे जे काम, तेच गाण्यात बेसचे.

आमचा आतेभाऊ नोकरीसाठी पुण्यास गेला, तेव्हा त्याने आपले हे वाद्य आम्हांस दिले. त्याबरोबर द्यावयाचा ध्वनिवर्धक, म्हणजेच अँप्लिफायर, त्याने आधीच विकून टाकला होता. या वाद्याला वीणेसारखा भोपळा नाही की सतारीसारखी तुंबा नाही. सारे भरीव लाकूड. तार छेडली तर शेजारी बसलेल्यालाही चिलट गुणगुणावे इतकेच ऐकू येते.

पूर्वी पाश्चात्त्य वाद्यवृंदात हे काम पुरुषभर उंचीचे डबल बेस करी. ढोल आणि कर्णे यांच्या गलबल्यात त्याचा स्वर बुडून जाई आणि ते गावोगाव वाहून नेताना वादक टेकीस येई. म्हणून १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी गिटारीसारखे गळ्यात अडकवण्याचे विजेचे बेस बाजारात आणले आणि पुढच्याच वर्षी त्यासाठी खास ध्वनिवर्धकही काढला. त्या दोन वस्तूंची जोडी तेव्हापासूनची आहे. एकीवाचून दुसरी म्हणजे शाईवाचून दौत.

हे ठाऊक असूनही आम्ही काटकसरीचा एक मार्ग शोधला. काकांच्या कपाटावर गाणी ऐकण्याचे एक जुने यंत्र होते. त्याला आम्ही आपली गिटार जोडली. दोन मिनिटे घरात मेघगर्जना झाली, तिसऱ्या मिनिटाला जुने लुगडे फाटल्यासारखा आवाज आला आणि स्पीकरचा कागदी पडदा टरकला. खर्जाच्या स्वरासाठी त्या पडद्याला फार मोठी ये-जा करावी लागते आणि नाजूक पडद्याला ती सोसत नाही, हे ज्ञान आम्हांस असे मिळाले. काका काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

यानंतर घरात बैठक बसली. आमच्याजवळ बक्षिसांचे, ओवाळणीचे आणि दोन उन्हाळ्यांत लहान मुलांना गणित शिकवून मिळवलेले मिळून २२,००० रुपये होते. बाबांनी संमती दिली. आईने मात्र अट घातली. आमचे घर काचीगुड्यातले, जुने. शेजाऱ्यांची आणि आमची एक भिंत सामाईक. भिंतीपलीकडची ताई परीक्षेच्या अभ्यासात बुडालेली. आणि घरात आजोबा.

“त्यांना त्रास होता कामा नये,” आई म्हणाली. “आधीच ते कुणाशी बोलत नाहीत.”

आजोबांविषयी थोडे सांगितले पाहिजे. एके काळी काचीगुडा आणि सुलतान बाजार या भागांतल्या भजनांत त्यांचा तबला ठरलेला असे. पुढे त्यांना कमी ऐकू येऊ लागले. कानाचे यंत्र आणले. पण “त्यात नुसती भांडी पडल्यासारखी वाटतात” असे म्हणून त्यांनी ते खणात ठेवले. प्रथम त्यांनी भजनाला जाणे सोडले. मग जेवताना चाललेल्या गप्पांत हसणे सोडले, कारण विनोद दुसऱ्यांदा सांगताना सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो कंटाळा येतो, तो त्यांना स्पष्ट दिसे. तबल्याची जोडी गवसणीत गेली. खिडकीपाशी खुर्ची टाकून रस्ता पाहत बसणे, एवढाच त्यांचा दिनक्रम उरला.

आईची अट पाळण्यासाठी आम्ही अभ्यास सुरू केला. वॉट दुप्पट झाले की आवाज दुप्पट होतो, अशी आमची भाबडी समजूत होती. विज्ञानाच्या सरांनी ती दूर केली. शक्ती दुप्पट केली तर आवाज अवघा ३ डेसिबलने चढतो. कानाला तो दुप्पट वाटावा यासाठी सुमारे दसपट शक्ती लागते. दुसरी गोष्ट अशी की, मनुष्याचा कान खर्जाच्या बाबतीत मंद आहे आणि आवाज लहान केला की इतर स्वरांच्या आधी खर्जच नाहीसा होतो. म्हणून गिटारवाला मित्र १५ वॉटांत घर डोक्यावर घेतो, तर ड्रमच्या जोडीने वाजवताना बेसवाल्याला १०० वॉटही कित्येकदा अपुरे पडतात. तिसरी गोष्ट सर्वांत बिकट. आमच्या सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१; तिच्या स्वराची एक लाट ८ मीटरांहून लांब. आमची खोली त्याच्या निम्मीदेखील नाही. बारीक स्वर भिंतीवर आपटून बरेचसे परततात. खर्ज मात्र पाहुण्यासारखा न थांबता पलीकडच्या स्वयंपाकघरापर्यंत जातो. वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांनी घातली आहे, हेही सरांनी जाता जाता ऐकवले.

म्हणजे घरासाठी लहान खोके हवे आणि रविवारी मित्रांबरोबर वाजवण्यासाठी मोठे. त्या रविवारच्या बैठकीला मित्र ‘जॅमिंग’ म्हणतात. ठरीव कार्यक्रम नसतो, एकाने सूर धरावा आणि इतरांनी त्यात आपापले भर घालावे. एका पुंजीत दोन खोकी कशी बसणार? कोणी म्हणाले, “हेडफोन लावून वाजव, कोणाला काही ऐकूच जाणार नाही.” यावर आईने विचारले, “मग खोके कशाला?” या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या दिवशी देता आले नाही.

आबिद्सकडे एका वाद्यांच्या दुकानात जावयाचे ठरले. बाबांना ऐन वेळी काम निघाले. तेव्हा, “मी येतो,” असे खिडकीजवळच्या खुर्चीतून शब्द आले. आम्ही आश्चर्याने पाहिले, तो आजोबा चपला शोधत होते.

दुकानात आमची नजर प्रथम १०० वॉटांच्या, बारा इंची स्पीकरच्या एका काळ्या धिप्पाड खोक्यावर गेली. किंमत आमच्या पुंजीच्या दीडपट. दुकानदाराने उत्साहाने आवाजाची कळ फिरवली. काचेची कपाटे थरथरली आणि आमची छाती अभिमानाने की हादऱ्याने कोण जाणे, फुगली. आजोबा पुढे झाले. त्यांनी खोक्याच्या माथ्यावर तळवा ठेवला आणि दुकानदाराला म्हणाले, “नक्को. आहिस्ता.”

या शहराच्या दखनी बोलीने आपला ‘नको’ केव्हाच घरात घेतला आहे. त्यामुळे अर्थ सांगावा लागला नाही. आवाज उतरला. आजोबा आम्हांस म्हणाले, “मोठ्याने तर सगळेच बरे वाजते. घरात जेवढ्याने वाजवणार तेवढ्यानेच वाजव.”

मग पाऊण तास आम्ही एकच चार स्वरांची ओळ, एकाच बेताच्या आवाजात, पाच खोक्यांवर वाजवली. आजोबा प्रत्येकावर हात ठेवून उभे. धिप्पाड खोके हलक्या आवाजात मूग गिळून बसले. सर्वांत लहान, सहा इंची स्पीकरच्या खोक्यातून जाड तारेचा सूर उमटेचना, नुसती टकटक. ४० वॉटांच्या, दहा इंची स्पीकरच्या खोक्यापाशी मात्र आजोबांचा हात रेंगाळला. “हा गोल आहे,” ते म्हणाले. डग्गा जमला की ते हाच शब्द वापरीत, हे बाबांनी आम्हांस नंतर सांगितले.

त्या खोक्याला हेडफोनची सोय होती. शिवाय मागच्या बाजूस एक बिळ होते, ज्यातून तार काढून ती दुसऱ्या मोठ्या यंत्रणेला जोडता येते. रविवारी आम्ही जेथे जमतो, तेथे गणेशोत्सवातले मोठे स्पीकर आणि मिक्सर आहेतच. मोठा आवाज मोठ्या जागेवरच ठेवावा आणि आपण आपल्यापुरते न्यावे, अशा रीतीने एका खोक्यात दोन्ही कामे भागली. वजन सुमारे ८ किलो. एका हाताने उचलता येई. पुंजीतून एका केबलपुरते पैसेही उरले.

घरी आणल्यावर ते जमिनीवर कोपऱ्यात ठेवले, तर खर्ज फुगून घुमू लागला. म्हणून भिंतीपासून हात-दीड हात दूर, स्टुलावर जाड सतरंजी घालून त्यावर ठेवले. ताईशी बोलून संध्याकाळी सात ते आठ ही वेळ ठरवली. रात्री हेडफोन.

पहिल्या संध्याकाळी आम्ही अगदी जपून वाजवू लागलो. थोड्या वेळाने पाहतो तो आजोबांची खुर्ची खिडकीपासून सरकून खोक्याशेजारी आली होती. त्यांचा डावा तळवा खोक्यावर होता आणि उजव्या हाताची बोटे गुडघ्यावर ठेका धरीत होती. आमच्या चार-चार मात्रांच्या चार ओळी म्हणजे त्यांचा सोळा मात्रांचा त्रिताल. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. तिने काही विचारले नाही.

विज्ञानाच्या सरांना आम्ही हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले की वार्धक्यात कान बहुधा उंच स्वर आधी गमावतात; ‘स’, ‘श’, ‘फ’ अशा अक्षरांची सळसळ जाते, म्हणून बोलणे ऐकू येते पण कळत नाही. खालचे स्वर पुष्कळदा उशिरापर्यंत टिकतात. जे ऐकू येत नाही तेही हाताला कळते.

आम्ही महिनाभर ज्यांना आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून गणिते मांडली, ते आजोबा त्या आवाजाचीच वाट पाहत होते. आईच्या प्रश्नाचे उत्तर आता आमच्याजवळ आहे. हेडफोनमध्ये आपण वाजवतो ते आपणच ऐकतो. खोके असते ते दुसऱ्या कोणाला हात ठेवता यावा म्हणून.

परवा आजोबांनी गवसणी उघडली. तबला अजून तसाच आहे. डग्गा तेवढा बाहेर आला आहे. त्याची शाई एका बाजूने उडाली असल्याने तो दुरुस्तीस टाकावयाचा आहे. तोवर ठेका गुडघ्यावरच चालतो. आमच्याविषयी त्यांचे मत अद्याप फारसे चांगले नाही.

“सूर ठीक आहे,” ते काल म्हणाले, “पण तिसऱ्या ओळीला तू धावतोस. धावू नकोस. मागे उभ्या असणाऱ्याने धावायचे नसते.”