शिवारांतील लहान चतुर

पावसाळा सरत आला म्हणजे घनसावंगीच्या शिवारांत वाटसरूच्या पायांपुढून एक लहानसा चतुर उडतो. तो दूर जात नाहीं. चार-पांच हातांवर पुन्हां भुईवरच बसतो. इतर पुष्कळ चतुर काडीच्या टोंकावर बसतात व पाण्याशीं रमतात. हा मात्र पाण्यापासून लांब, कपाशीच्या बांधावर नाहीं तर ढेंकळावरहि आढळतो. ह्या संवयीनेंच त्याची अर्धी ओळख पटते.

शास्त्रीय नांव डिप्लॅकोडिस ट्रिव्हिआलिस. त्यांतील दुसरा शब्द फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ रांबूर यांनीं १८४२ सालीं योजिला. त्याचा अर्थ सामान्य, क्षुल्लक! आम्हांस हें विशेषण थोडें अन्यायाचें वाटतें.

गेल्या आश्विनांत सातवीच्या दोन मुलांत वाद जुंपला. एक म्हणे, बांधावर दोन जाती आहेत: एक हिरवट पिंवळी, काळ्या रेघांची, व दुसरी निळी. दुसऱ्यास तें पटेना. तेव्हां पहिल्यानें हिरव्या चतुरास दोरा बांधून पुरावाच आणिला. त्या ओढाताणींत बिचाऱ्याचा पंख मोडला व पुन्हां त्यास उडतां आलें नाहीं. (पालकहो, हा दोऱ्याचा खेळ आपणांपैकीं कित्येकांनीं खेळला असेल!)

आम्हीं मुलांस सांगितलें कीं, रंगावर विसंबूं नये. मादी व कोंवळा नर हिरवट पिंवळे असतात. नर वयांत आला कीं त्याच्या अंगावर निळसर भुकटीसारखा थर चढतो. म्हणून इतर खुणा पाहाव्या. पंख स्वच्छ, मुळाशीं वा टोंकांशीं डाग नाहीं. शेपटाच्या अग्रावरील बारीक उपांगें पांढरट. उदराची लांबी सुमारें दोन सेंटिमीटर. नराच्या पंखांचीं टोंकें काळीं असल्यास तो त्याचा भाऊबंद नेब्युलोसा समजावा. हिरवा-काळा, परंतु बराच मोठा व मध्यें बारीक असा दिसला, तर तो ऑर्थेट्रम सबीना. लष्करी वैद्यक खात्यांतील डॉक्टर फ्रेझर यांनीं १९३३ ते १९३६ ह्या काळांत हिंदुस्थानांतील चतुरांवर तीन खंड लिहिले. पण त्यांतील वर्णन समोर धरूनहि शेवटीं उकिडवें बसून कीटकाकडेच पाहावें लागतें.

दुसऱ्या दिवशीं तीं मुलें दोरा न घेतां गेलीं व तासाभरानें मोबाईलवरील एक छायाचित्र घेऊन धांवत आलीं. “सर, हा बघा, अर्धा निळा!” खरोखरच छातीवर व उदराच्या मुळाशीं निळाई चढली होती, मागील भाग अजून पिंवळा, रेघांसकट.