डावीकडचे शून्य

संख्येच्या डावीकडे मांडलेल्या शून्याला किंमत नसते, हे आपण सारेच लहानपणी शिकलो. शासकीय शाळेच्या मुख्याध्यापकाला हल्ली विद्यार्थ्यांची सारी माहिती संगणकास पुरवावी लागते. त्या निमित्ताने या शून्याची थोरवी मला नव्याने उमगली.

येथे बऱ्हाणपुरात आमच्या एका विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती काही केल्या जमा होईना. तिचा खातेक्रमांक शून्याने सुरू होत होता आणि शाळेने तो अचूक कळविला होता. परंतु माहिती पुढे जाताना कोणा आराखडाकाराने त्या क्रमांकाला ‘पूर्णांक’ ठरविले होते. साहजिकच आरंभीचे शून्य गळाले आणि खाते अनोळखी ठरले. यंत्रमागावर राबणाऱ्या तिच्या वडिलांची मजुरी हेलपाट्यांत बुडाली, ती निराळीच.

दोन यंत्रणांमधील अशी देवघेव पुष्कळदा ‘एक्सएमएल’ या पद्धतीने होते. तिच्या आराखड्याचे, म्हणजे ‘स्कीमा’चे, नियम २००१ साली प्रमाणित झाले. त्यांत पूर्णांकांचे मोठे कुटुंबच आहे. ‘बाइट’ची धाव १२७ पर्यंत, ‘शॉर्ट’ची ३२,७६७ पर्यंत, ‘इंट’ची २,१४,७४,८३,६४७ पर्यंत, ‘लाँग’ त्याहून कितीतरी मोठा, आणि नुसत्या ‘इंटिजर’ला सीमाच नाही. इयत्तेला बाइट पुरतो. बारा अंकी आधार क्रमांक मात्र इंटमध्ये मावत नाही.

तथापि मापाहून अर्थ मोठा. वर्गाच्या पटासाठी ‘पॉझिटिव्ह इंटिजर’ निवडला, तर तो शून्य नाकारतो. ज्या वर्गात यंदा एकही मूल आले नाही, तेथे खरे लिहिण्याची वाटच बंद होते. तेथे शून्य स्वीकारणारा ‘नॉन-निगेटिव्ह इंटिजर’च हवा. तसेच परीक्षेस गैरहजर राहिलेल्याचे गुण शून्य नव्हेत. त्याच्यासाठी वेगळी खूण हवी.

माझ्या मते कसोटी सोपी आहे: बेरीज केल्यास काही अर्थ निघतो काय? दोन वर्गांचे पट मिळवता येतात. पण दोन गावांचे पिनकोड मिळवून काय हाती लागणार? पिनकोड, दूरध्वनी, खातेक्रमांक या संख्या नव्हेत. ती अंकांत लिहिलेली नावे आहेत. ती अक्षरांप्रमाणेच जपावीत आणि किती अंक हवेत, तेवढे बंधन घालावे.

हिंदी मुलखात ‘काळे’ यांचे ‘काले’ झाले, की आपण तत्काळ दुरुस्ती करून घेतो. मुलाबाळांच्या कागदपत्रांतील डावीकडच्या शून्यावरही तशीच नजर असू द्यावी.