उतार आणि वळण

डोंगर चढणाऱ्या मनुष्याची स्तुती सर्व भाषांत विपुल आढळते. डोंगर नीट उतरून येणाऱ्याचे कौतुक क्वचितच कोणी केले असेल. वास्तविक पाहता चढताना मनुष्याचा वैरी त्याचा स्वतःचा थकवा एवढाच असतो, आणि थकला की तो आपोआप थांबतो. उतरताना मात्र थकलेल्यासही पृथ्वी ओढीतच असते. तेथे थांबणे हे घडत नाही, ते करावे लागते. चाके लावलेल्या लांब फळीवर उभे राहून डोंगरउतारावरून डौलाने वळणे घेत खाली येणे हा खेळ अमेरिकेत व युरोपात तरुणांच्या विशेष आवडीचा झाला आहे. त्यास 'लाँगबोर्डिंग' म्हणतात. या खेळाचा विचार करण्याची वेळ माझ्यावर आल्यापासून उतरण्याची ही गोष्ट माझ्या मनात घोळत आहे.

प्रसंग असा की, माझे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेतील ऑरेगन राज्यात पोर्टलंड शहरी राहतात, आणि त्यांच्या पंधरा वर्षांच्या मुलाने या खेळाचा ध्यास घेतला आहे. मी व त्याची आजी सहा महिने तेथे राहावयास गेलो, तेव्हा घरात या प्रश्नावर दोन पक्ष पडलेले होते. सूनबाईंच्या मते हा खेळ म्हणजे हातपाय मोडून घेण्याची पद्धतशीर विद्या. चिरंजीवांच्या मते मुलगा दिवसभर पडद्यापुढे बसतो, त्यापेक्षा हे शतपटीने बरे. जन्मभर शाळेत मुलांची भांडणे तोडलेला मनुष्य निःपक्षपाती असणार, अशा समजुतीने निकाल मजकडे सोपविण्यात आला. मी म्हटले, वस्तू पाहिल्याशिवाय निकाल देता येत नाही. प्रथम ती फळी मजपुढे आणा.

नातवाने मित्राकडून मागून आणलेली जुनी फळी दिवाणखान्यात उलटी करून मांडली. ती सुमारे चाळीस इंच लांब होती. मेपल लाकडाचे सात-आठ पातळ पदर सरसाने एकजीव करून अशा फळ्या करतात. काहींत बांबू व काचतंतूही घालतात. किंचित लवणारी फळी सावकाश वळणे घेण्यास सुखाची, आणि वेगाने उतरावयाचे असल्यास ताठ फळी बरी. पाय घसरू नये म्हणून वरच्या बाजूस सुताराच्या पॉलिश पेपरासारखा काळा खरखरीत कागद चिकटविलेला असतो. खालच्या बाजूस पुढे एक व मागे एक अशा धातूच्या दोन आसजोड्या असतात. त्यांस 'ट्रक' असे नाव आहे.

खरी खुबी या ट्रकांत आहे. प्रत्येकाच्या मधून एक जाड खिळा गेलेला असून त्याभोवती रबरासारख्या पदार्थाचे दोन बुश बसविलेले असतात. उभ्या असलेल्या मुलाने अंगाचा भार उजवीकडे कलविला की फळी कलते, बुश दबतात, दोन्ही आस तिरपे होतात आणि फळी उजवीकडे वळते. भार काढला की बुश पूर्ववत होऊन आस सरळ येतात. ट्रकाच्या तळपट्टीचा कोन पन्नास अंशांच्या आसपास असला तर थोड्या कलण्यानेही फळी पुष्कळ वळते. तो चाळीस-पंचेचाळीसपर्यंत कमी केला तर वळणे कमी, परंतु वेगात स्थैर्य अधिक. कठोपनिषदात देहास रथ, मनास लगाम आणि बुद्धीस सारथी कल्पिले आहे. या वाहनास लगाम नाही, सुकाणू नाही आणि ब्रेकही नाही. घोट्यापासून मस्तकापर्यंतचा सारा देहच येथे लगामाचे काम करतो, हे ध्यानात आल्यावर सूनबाईंची भीती मला अकारण वाटली नाही.

चाकांचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. १९५० नंतरच्या काळात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटांवर फळी खेळविणाऱ्या तरुणांनी हा खेळ जमिनीवर आणला. आरंभीची चाके धातूची, मागाहून भाजलेल्या मातीसारख्या कठीण मिश्रणाची. अशा चाकाखाली एवढासा खडा आला तरी चाक जागीच अडे आणि स्वार पुढे फेकला जाई. १९६५ च्या सुमारास अनेक शहरांनी या खेळास बंदी केली, त्यात नवल नाही. पुढे १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत फ्रँक नॅसवर्दी नावाच्या तरुणाने पॉलियुरेथेनची मऊ चाके या फळीस लावून विकावयास आरंभ केला, आणि खेळाचे रूप पालटले. हे चाक खड्यावरून जाते व रस्ता धरून ठेवते. लाँगबोर्डचे चाक सुमारे सत्तर मिलिमीटर व्यासाचे असते. रस्त्यात उड्या मारण्याच्या आखूड फळीचे पन्नासच्या थोडे वर आणि पुष्कळ कठीण. प्रत्येक चाकात दोन बेअरिंगे असतात. त्यांचा बाहेरील व्यास बावीस मिलिमीटर आणि मधले भोक आठ मिलिमीटरांचे.

आता 'कार्व्हिंग' म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण या खेळाचे सौंदर्य त्यातच आहे. शंभरास पाच असा सौम्य उतार घ्या. घर्षण व वारा हिशेबात न धरल्यास, सरळ शंभर मीटर गेलेल्या फळीचा वेग ताशी सुमारे छत्तीस किलोमीटर होतो; चारशे मीटर गेल्यावर त्याच्या दुप्पट. आणि वेग दुप्पट झाला की थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते. गणित एवढे स्पष्ट असता शहाणा मुलगा सरळ उतरत नाही. तो रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी वळणे घेत जातो. त्यामुळे वाट लांबते, उतार तितका सौम्य होतो, आणि वळताना चाके रस्त्यास घासून वेगाचा काही अंश खाऊन टाकतात. घाटाचा रस्ता बांधणारा इंजिनियर डोंगराशी जी युक्ती करतो, तीच हा मुलगा रस्त्याशी करतो. आपल्या भाषेत रस्त्यास वळण असते आणि मुलासही वळण लावतात. हा एकच शब्द दोन्ही ठिकाणी का, हे नातवाची फळी पाहताना मला जितके पटले तितके व्याकरण शिकविताना कधी पटले नव्हते.

मी नातवास विचारले, "खाली जाणे समजले, थांबतोस कसा?" तो म्हणाला, "आजोबा, तीन प्रकार आहेत." पहिला, मागचा पाय खाली टेकवून बुटाचा तळ हळूहळू घासणे. दुसरा, वळणे अधिकाधिक आडवी घेत जाणे. तिसरा कठीण: गुडघे वाकवून खाली बसावयाचे, एक हात रस्त्यावर टेकवावयाचा आणि फळी आडवी फिरवून चाके घसरू द्यावयाची. ही युक्ती १९७० नंतरच्या दशकात बर्कलीच्या टेकड्यांवर क्लिफ कोलमन या खेळाडूने रूढ केली, आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. याकरिता तळव्यास कठीण प्लॅस्टिकची चकती लावलेले हातमोजे लागतात. त्याखेरीज हेल्मेट, गुडघ्यांस व कोपरांस पॅड. शर्यतीत उतरणारे तर तोंड झाकणारे हेल्मेट आणि सबंध चामड्याचा पोशाख घालतात. ऑरेगनात सोळा वर्षांखालील मुलास हेल्मेटवाचून फळीवर चढण्यास कायद्याने मनाई आहे.

नातवाच्या खोलीत भिंतीवर जगाचा नकाशा असून त्यात रंगीत टाचण्या खोचलेल्या आहेत. काशी-रामेश्वराची यात्रा मनात योजावी, त्या निष्ठेने त्याने ही स्थळे योजली आहेत. एक टाचणी इटलीतील स्टेल्व्हिओ खिंडीवर आहे. ही खिंड २७५७ मीटर उंच. ऑस्ट्रियाच्या अंमलात कार्लो दोनेगानी या इंजिनियराने १८२० ते १८२५ या काळात तेथे रस्ता बांधला, आणि त्याच्या एका बाजूस अठ्ठेचाळीस वळणे आहेत. दुसरी टाचणी चीनमधील तियानमेन पर्वतावर. तेथील सुमारे अकरा किलोमीटरांच्या रस्त्यास नव्व्याण्णव वळणे आहेत. एक आपल्या देशात, तमिळनाडूतील कोल्ली डोंगरावर. तेथे सत्तर वळणे आहेत. एक टाचणी कॅनडातील ले-झेबुलमाँ या गावी. तेथे २०१७ साली पीट कॉनोली याने उभ्याने उतरताना ताशी १४६.७३ किलोमीटर वेग गाठून विक्रम केला. ही टाचणी काळी आहे. "तिथे मला जायचं नाही, फक्त माहीत असावं म्हणून," असे त्याने आपण होऊन सांगितले, तेव्हा मला पुष्कळच धीर आला.

मग मी निकाल दिला. नातवाने शेजाऱ्यांच्या अंगणातील गवत कापून पैसे साठविले होते आणि खरेदीची यादी केली होती. तीत आरंभी ट्रक, मग चाके, मग फळी आणि सर्वांत शेवटी हेल्मेट व हातमोजे. मी ती यादी उलटी लिहून दिली, आणि त्याच क्रमाने खरेदी व्हावी अशी पहिली अट घातली. दुसरी अट, उताराच्या शेवटी खडूने एक रेघ ओढावी आणि तिच्या अलीकडे लागोपाठ दहा वेळा थांबून दाखवावे. तोवर मोठ्या उताराचे नाव काढू नये. तिसरी, कोणत्याही नव्या रस्त्यावरून फळीने उतरण्यापूर्वी तो पायी चालून पाहावा. रेघ ओढण्याचे व मोजण्याचे काम मी सूनबाईंकडे दिले. ज्याच्या मनात भीती आहे त्याच्याच हाती परीक्षा असावी. नजर त्याचीच सर्वांत सावध असते.

पोर्टलंड शहराच्या आतच माउंट टेबर नावाची एका विझलेल्या ज्वालामुखीची टेकडी आहे. बुधवारी तेथील रस्त्यांवर मोटारींस बंदी असते. पहिल्या बुधवारी तो दहांत सहा वेळाच रेघेअलीकडे थांबला. दुसऱ्या बुधवारी नऊ वेळा थांबला, आणि दहाव्या खेपेस वीतभर पुढे गेला. चिरंजीव म्हणाले, "वीतभर तर आहे!" सूनबाईंनी मान हलविली; आणि नातू एक शब्दही न बोलता फळी उचलून पुन्हा वर चालू लागला. तिसऱ्या बुधवारी दहा झाले. मोजताना सूनबाईंचा आवाज सातव्या अंकापासून बदललेला मी ऐकला.

त्या रविवारी आम्ही सर्वजण मोटारीने सुमारे १७० किलोमीटरांवरील मेरीहिल येथे गेलो. कोलंबिया नदीच्या पलीकडे, वॉशिंग्टन राज्यात, उघड्याबोडक्या टेकड्यांवर हा रस्ता आहे. सॅम्युएल हिल या धनिकाने चांगल्या रस्त्यांचा ध्यास घेतला होता. सॅम्युएल लँकेस्टर या इंजिनियराच्या साहाय्याने त्याने १९०९ ते १९१३ या काळात स्वतःच्या जमिनीवर सुमारे सोळा किलोमीटर रस्ते बांधविले आणि फरसबंदीचे सात निरनिराळे प्रकार करून पाहिले. त्यांपैकी वळणावळणाचा भाग १९९८ साली दुरुस्त झाला. आता तेथे मोटारी जात नाहीत. पादचारी व सायकलस्वार जातात, आणि ठरविलेल्या दिवशी, परवानगीने, देशोदेशीचे फळीवाले जमत आले आहेत. घोड्यांच्या आणि पहिल्या मोटारींच्या सोयीसाठी सौम्य ठेवलेला उतार शंभर वर्षांनी या मुलांच्या उपयोगी पडावा, हे त्या हिलच्या स्वप्नातही नसेल.

आम्ही तो रस्ता पायी उतरलो. नातू प्रत्येक वळणाशी थांबून पाही. पुढचा रस्ता कोठून दिसू लागतो, वाळू कोठे साचली आहे, वारा कोणत्या अंगाने येतो, हे वहीत टिपून घेई. चौथ्या-पाचव्या वळणाशी त्याची आई त्याच्या शेजारी उभी राहून विचारू लागली, "इथे तू वेग कुठे कमी करशील?" तो हाताने दाखवू लागला. आम्ही उभयता मागे राहिलो. मेरीहिलला फळीने उतरण्याची परवानगी त्यास अद्याप मिळालेली नाही. हात टेकवून थांबण्याची विद्या जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली पुरी झाल्यावर पुन्हा बैठक भरावयाची आहे, आणि त्या बैठकीत सूनबाईंचे मत काय पडेल हे आज सांगता येत नाही.

या फळ्या आता आपल्याकडेही मिळतात, म्हणून वाचकांस एक विनंती आहे. आपल्या घाटांतून एस.टी. गाड्या, मालट्रक आणि दुचाकी अहोरात्र चालतात. ते रस्ते या खेळाचे नव्हेत. बंद आवार, रुंद व स्वच्छ रस्ता, सौम्य उतार आणि खाली थांबावयास मोकळी सपाट जागा, एवढे असेल तरच मुलास फळीवर चढू द्यावे. आणि घरात नकार किंवा होकार ठरविण्यापूर्वी एक खडू घेऊन त्याच्याबरोबर खाली जावे. रेघ आपण ओढावी; थांबणे त्याने शिकावे.