मोपाच्या सड्याखाली : पाग, गरी आणि थकलेला खांदा

गोव्याच्या अगदी उत्तरेला, पेडणे महालात, मोपाचा सडा आहे. जांभ्या दगडाचे हे विस्तीर्ण पठार उन्हाळ्यात तव्यासारखे तापते आणि पहिल्या पावसानंतर आठ दिवसांत हिरवेगार होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला आणि नव्या काबिजादीत मोडू लागला; परंतु येथील बोली, नातीगोती व बाजारहाट यांनी ती सीमा कधीच फारशी मानली नाही. आज मोपाचे नाव देशभर झाले आहे ते विमानतळामुळे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून येथून प्रवासी विमाने उडू लागली. मनोहर पर्रीकर यांचे नाव त्याला दिले आहे.

विमानातून उतरणारा पाहुणा बहुधा थेट समुद्रकिनाऱ्याकडे धावतो. पण ज्याला हा मुलूख खरोखर पाहावयाचा आहे त्याने सड्यावरून खाली नदीकडे उतरावे. सड्याच्या उत्तरेला तेरेखोल नदी आहे. सह्याद्रीत मनोहरगडाच्या बाजूस उगम पावून, बांद्याजवळून वाहत, गोवा आणि सिंधुदुर्ग यांची सीमा आखीत ती केरीजवळ तेरेखोल किल्ल्याच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. दक्षिणेला शापोरा, वरच्या अंगाला हिलाच तिळारी म्हणतात. दोन्ही नद्यांत भरतीचे खारे पाणी आत दूरवर शिरते, आणि गोडे व खारे पाणी जेथे मिसळते तेथे मासळीला तोटा नसतो. शेवटे, तांबोशी, काळुंद्री, चणक, सुंगटे, कुर्ल्या ही नावे येथील प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहेत. पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर ओहोळांतून शेतांकडे येणारे चढणीचे मासे धरण्यासाठी तर म्हातारेकोतारेही कंदील घेऊन बाहेर पडतात.

उगवे, तांबोसे, न्हयबाग, पोरस्कडे या नदीकाठच्या गावांत मासे धरण्याच्या दोन जुन्या रीती आहेत. एक पागण्याची, दुसरी गरवण्याची. पाग म्हणजे कडेला शिशाचे मणी ओवलेले गोल जाळे. त्याची दोरी मनगटाला बांधावयाची, जाळ्याचा काही भाग कोपरावर, काही खांद्यावर घ्यावयाचा, आणि कमरेतून गिरकी घेऊन ते असे फेकावयाचे की पाण्यावर पडताना ते छत्रीसारखे उघडावे. पाहणाऱ्याला हे एका क्षणाचे काम वाटते. परंतु ओले जाळे कोरड्याहून कितीतरी जड असते, आणि एका ओहोटीत ते कितीदा तरी फेकावे व ओढावे लागते. पंचवीस वर्षांच्या खांद्याला त्याचे काही वाटत नाही. साठीच्या खांद्याला मात्र वाटते.

आपल्या शरीरात खांद्याएवढा मोकळा फिरणारा सांधा दुसरा नाही. खुब्याच्या सांध्यात हाडाचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्याची वाटी मात्र बशीसारखी उथळ असते. त्या उथळ बशीत गोळा धरून ठेवण्याचे काम चार लहान स्नायूंच्या कंडरा करतात. त्यांतील सर्वांत वरची कंडरा हाडाच्या एका छपराखालून जाते. हात डोक्याच्या वर नेताना ती त्या छपराखाली घासली जाते. वयाबरोबर तिचा रक्तपुरवठा मंदावतो, तंतू विरतात, आणि जुन्या दोराप्रमाणे ती हळूहळू झिजते. साठी उलटलेल्या पुष्कळ माणसांची ही कंडरा थोडीफार फाटलेली असते आणि त्यांना त्याची खबरही नसते. दुखणे सुरू झाले म्हणजे त्याची एक ठरलेली खूण असते : त्या कुशीवर रात्री झोपवत नाही, आणि हात बाजूने वर नेताना मध्येच कळ येते.

हा भोग केवळ आपल्या पाग्यांच्या वाट्याला आला आहे असे नाही. इंग्लंड, स्कॉटलंड, अमेरिका येथे पिसांची खोटी माशी गळाला बांधून मासे धरण्याचा मोठा षोक आहे. काश्मीर व कुलू येथील ट्राऊट माशांसाठी तो आपल्या देशातही आला. त्या खोट्या माशीला वजन असे नसतेच. म्हणून जाड दोरीचेच वजन हवेत पुढेमागे झुलवून ती लांब फेकावी लागते. वय झालेल्या त्या शौकिनांचे खांदेही आपल्या पाग्यांप्रमाणेच दुखतात. त्यांनी काढलेला उपाय आपणांस विचार करावयास लावणारा आहे. ते छंद सोडीत नाहीत, रीत बदलतात. हलकी काठी घेतात, कोपर अंगाजवळ ठेवतात, हात डोक्यावर न नेता बाजूने फेकतात. स्कॉटलंडमधील स्पे नदीवर तर दोन्ही हातांनी धरावयाच्या लांब काठीची पद्धतच रूढ झाली. तिच्यामुळे भार दोन्ही हातांत वाटला जातो.

हेच शहाणपण तेरेखोलच्या काठीही चालण्यासारखे आहे. घेराने लहान आणि शिसे कमी असलेला पाग साठीनंतर पुरेसा आहे. फेकताना जोर खांद्याचा न लावता पाय व कंबर यांचा लावावा. दोन फेकींमध्ये विसावा घ्यावा. जाळे ओढण्यास नातवाला बरोबर न्यावे. ज्या दिवशी खांदा कुरकुरेल त्या दिवशी पाग घरी ठेवून गरी घेऊन बसावे. गरवण्याला बाहुबळापेक्षा धीर अधिक लागतो, आणि धीर हा वयाबरोबर वाढतो. भरती कोठे वळते, शेवट्यांचा थवा कोणत्या खडकाआड दबा धरतो, हे ज्ञान म्हाताऱ्याच्या डोळ्यांत असते. तरुणाने फेकावे, वडिलांनी जागा दाखवावी, ही वाटणी दोघांनाही शोभणारी आहे.

आता औषधोपचाराविषयी. बहुतेक दुखणी शस्त्रक्रियेवाचून, विश्रांती व व्यायाम यांनी बरी होतात; मात्र त्यास काही महिने लागतात. बॉस्टनचे शल्यवैद्य अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली खांद्यावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा व्यायाम कोणाही घरात करता येतो : मेजावर बरा हात टेकवून वाकावे आणि दुखरा हात लंबकासारखा सैल सोडून हलकेच झुलवावा. पुढे भिंतीवर बोटे चालवीत हात वर वर न्यावा. हात पूर्णपणे बांधून ठेवणे मात्र घातक. त्याने सांधा आखडतो. मधुमेह्यांचा खांदा तर सहज आखडतो, आणि तो मोकळा होण्यास वर्ष, दोन वर्षे, कधी तीनही लागतात.

काही खुणा मात्र अंगावर काढू नयेत. घसरून पडल्यानंतर हात एकाएकी उचलेनासा झाला तर कंडरा तुटलेली असू शकते. अशा वेळी चार दिवस तेल चोळून वाट पाहू नये, लवकर अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे, कारण उशीर झाला की ती शिवणे अवघड होते. ताज्या दुखापतीवर जोराचे मालीश करून घेऊ नये. आणि खांद्याच्या कळीबरोबर छाती भरून आली, घाम सुटला, धाप लागली, तर ते दुखणे खांद्याचे नसून हृदयाचे असू शकते. त्या वेळी क्षणाचाही विलंब नको.

वाचकहो, नदीकाठच्या माणसाला खांदा दुखतो तेव्हा नुसते हाड दुखत नाही. ज्या हाताने तीस-चाळीस वर्षे घरात कालवणाची मासळी आणली, तो हात रिकामा राहिला की घरातील आपले स्थानच गेले असे त्याला वाटू लागते. म्हणून तो दुखणे लपवितो, आणि लपविल्यामुळे ते वाढते. येथे घरच्यांचे काम सुरू होते. आपल्या मुलांनाही ठाऊक आहे की पेत्र व आंद्रेया सरोवरात जाळे टाकीत असतानाच त्यांना बोलावणे आले. त्या प्रसंगासाठी मूळ ग्रीक शुभवर्तमानात आलेला शब्द हाताने फेकावयाच्या जाळ्याचाच, म्हणजे आपल्या पागाचाच आहे. २९ जूनला, त्याच पेत्राच्या सणाला, कांदोळीसारख्या गावी होड्या एकत्र बांधून सांगोड साजरा होतो. ऐन पावसात होड्याही काही दिवस काठाला विसावतात, आणि त्यात कोणी कमीपणा मानीत नाही. तशीच विश्रांती आपल्या वडीलधाऱ्यांच्या खांद्यालाही मिळावी. जाळे नातवाच्या हाती गेले तरी ते कोठे टाकावे हे आजोबांनाच विचारावे.